‘नाही’ची वही: माहितीच्या सिस्टीमवर धंद्यातली स्पर्धा कशी जिंकायची

मार्च उजाडला की आमच्या भागात बोअरचं पाणी खाली जातं, व्होल्टेज पडतं आणि मोटारी जळायला लागतात. शेतात ऊस उभा असतो. अशा वेळी सकाळी नऊला एक माणूस दुकानाची पायरी चढतो आणि विचारतो, "शेठ, साडेसातच्या मोटारीचं थ्रस्ट बेअरिंग आहे का? सहा इंचीचं." ते आहे की नाही हे त्याला किती लवकर सांगता येतं, आणि नसेल तर कुठून, किती वाजेपर्यंत येईल हे खात्रीनं सांगता येतं का, यावर तो पुढची कित्येक वर्षं कुणाच्या दुकानात जाणार हे ठरतं.

आमचं दुकान तालुक्याच्या गावी आहे. शेतीपंप, सबमर्सिबल मोटारी, स्टार्टर आणि त्यांचे सुटे भाग विकतो. जिल्ह्याच्या ठिकाणचा मोठा व्यापारी आमच्यापेक्षा स्वस्त देतो आणि मोबाइलवर मागवलं तर त्याहून स्वस्त मिळतं. या दोघांसमोर टिकायचं कसं, याचं उत्तर आम्हाला माहितीच्या नोंदींमधून मिळालं. ते कसं मिळवायचं ते इथे पायरीपायरीनं लिहितो. उदाहरण पंपांचं आहे कारण त्या काउंटरवर मी रोज बसतो. पण पाच ते पन्नास माणसं, काही हजार वस्तू आणि समोर मोठा स्पर्धक, अशी ज्याची स्थिती आहे त्याला ही पद्धत लागू पडेल, मग धंदा औषधांचा असो, हार्डवेअरचा किंवा छपाईचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. सॉफ्टवेअर विकत घेतल्यानं कुणी पुढे जात नाही, कारण तेच सॉफ्टवेअर शेजारचाही घेतो. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला, तेव्हापासून बहुतेक दुकानांत कॉम्प्युटरवर बिल निघतं. ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसही, म्हणजे व्यापाऱ्याला दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, सक्तीचं आहे. जे सगळ्यांकडे आहे त्यातून कुणालाच आघाडी मिळत नाही. आघाडी मिळते ती तुमच्याकडे असलेल्या आणि दुसऱ्या कुणाकडेच नसलेल्या नोंदींतून.

पायरी १: कशावर जिंकायचं ते एका वाक्यात लिहा

हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये स्पर्धेच्या तीन वाटा मांडल्या: सगळ्यांत कमी खर्चात माल देणं, इतरांपेक्षा वेगळं काही देणं, किंवा एका ठरावीक गिऱ्हाइकावर सगळं लक्ष लावणं. वर्गात हे शिकवतात, पण त्याचा सिस्टीमशी संबंध फारसा कुणी सांगत नाही. प्रत्येक वाटेला वेगळ्या नोंदी लागतात. स्वस्त विकायचं असेल तर खरेदीचा दर, वाहतूक, हमाली आणि माल किती दिवस पडून राहतो हे पैशापैशानं कळायला हवं. वेगळी सेवा द्यायची असेल तर वेळ मोजावा लागतो. आणि ठरावीक गिऱ्हाईक धरायचं असेल तर त्याच्याबद्दल त्याला स्वतःलाही आठवत नाही इतकं तुम्हाला ठाऊक हवं. तिन्ही नोंदी एकदम ठेवायला गेलात तर एकही धड राहणार नाही.

आमचं वाक्य असं आहे: "तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याची पाच ते पंधरा एचपीची मोटार सकाळी दहापर्यंत कळवली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी फेकेल." यात माणूस ठरलेला आहे, वस्तू ठरलेली आहे आणि वेळ ठरलेली आहे. ‘उत्तम सेवा, माफक दर’ असं वाक्य लिहून झालं असेल तर ते फाडून पुन्हा लिहा, त्यात मोजण्यासारखं काहीच नाही.

वाक्य लिहिल्यावर लगेच त्याच्याखाली लिहा की कशात हरायला तुम्ही तयार आहात. आम्ही केबल आणि पाइपच्या भावात हरायला तयार आहोत. तिथं मोठ्या व्यापाऱ्याशी भिडण्यात अर्थ नाही. हे लिहिताना आमच्या आण्णांना फार जड गेलं, कारण पाइप विकूनच त्यांनी दुकान उभं केलं. दोन दिवस ते बोलले नाहीत. पण सोडायचं काय हे ठरलं नाही तर सिस्टीमकडून सगळंच मागितलं जातं, आणि मग ती कुणाच्याच उपयोगाची राहत नाही.

पायरी २: ‘नाही’ची वही

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, आणि हिला कॉम्प्युटर लागत नाही.

बिलाच्या सॉफ्टवेअरला काय विकलं ते कळतं. काय विकलं गेलं नाही ते त्याला कधीच कळत नाही. गिऱ्हाईक आलं, विचारलं, आपण ‘नाही’ म्हणालो, ते गेलं: याची नोंद जगातल्या कोणत्याही बिलात नसते. म्हणून रिपोर्टमध्ये एखादी वस्तू ‘महिन्याला दोनच खपते’ असं दिसतं, आणि खरं कारण असं असतं की आपण दोनच ठेवल्या होत्या.

दोनशे पानी वही घ्या. काउंटरला दोरीनं पेन बांधा. चार रकाने आखा: वेळ, काय मागितलं, का नाही, आणि मग काय झालं. दुसऱ्या रकान्यात गिऱ्हाइकाचेच शब्द लिहा. त्यानं ‘पंख्याची वाटी’ म्हटलं तर ‘पंख्याची वाटी’च लिहायचं, त्याचं ‘इम्पेलर’ करायचं नाही. हे शब्द पुढे फार कामाला येतात. तिसऱ्या रकान्यात पाचांपैकी एक कारण: कधी ठेवतच नाही, संपला, होता पण सापडला नाही, काय मागतोय ते ओळखता आलं नाही, भाव किंवा उधारीवरून फिसकटलं. चौथ्यात तो थांबला, दुसरीकडे गेला की उद्या येतो म्हणाला.

पूर्ण एक महिना लिहा, आणि तो महिना हंगामातला घ्या.

आम्ही महिनाअखेर पानं मोजली. सगळ्यांत जास्त ‘नाही’ माल संपल्याची निघाली, हे अपेक्षितच होतं. दुसऱ्या नंबरावर जे निघालं त्यानं मी गप्प झालो: माल होता, सापडला नाही. मेकॅनिकल सीलचा एक अख्खा खोका स्टार्टरच्या पेट्यांमागे गेला होता आणि त्याच आठवड्यात तेच सील मागणारी चार माणसं आम्ही परत पाठवली होती. या दुखण्याला सॉफ्टवेअर नको होतं. रॅकला नंबर हवे होते. रंगारी बोलावून प्रत्येक रॅकवर अक्षर आणि प्रत्येक खणावर आकडा लिहून घेतला, आणि वस्तूच्या नावापुढे तिची जागा लिहायला लागलो. ‘क-१४’ म्हटलं की नवा पोरगाही माल काढून देतो.

वहीचा खरा उपयोग इथे आहे. पाच कारणांना पाच वेगळे इलाज आहेत, आणि सॉफ्टवेअर त्यातल्या दोन-तीनांनाच पुरतं. आधी सॉफ्टवेअर घेतलं असतं तर तोच गोंधळ स्क्रीनवर दिसला असता.

पायरी ३: एका कामामागे घड्याळ घेऊन फिरा

आता एक खरं काम निवडा आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्याच्याबरोबर राहा. मी एका जळालेल्या मोटारीबरोबर दोन दिवस फिरलो. सकाळी फोन आला. मोटार वर काढायला माणसं आणि चेनपुली जमवण्यात वेळ गेला. दुपारी ती वायंडरकडे, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार पुन्हा गुंडाळून देणाऱ्याकडे, पोचली. वायंडर मामांनी ती उघडली, मग फोन केला: बुश लागेल. तासाभरानं दुसरा फोन: थ्रस्टही गेलंय. संध्याकाळी तिसरा: वायंडिंगची वायर त्या गेजची, म्हणजे त्या जाडीची, संपली. प्रत्येक फोनला कुणीतरी मोटरसायकलवर चौदा किलोमीटर जाऊन आला.

कामाला प्रत्यक्ष लागलेला वेळ एका बाजूला आणि थांबण्यात गेलेला वेळ दुसऱ्या बाजूला लिहा. थांबण्याच्या प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारा: इथे कुणाला काय माहीत असतं तर हे थांबणं टळलं असतं? आमच्या बाबतीत उत्तर स्वच्छ होतं. हीच मोटार दोन वर्षांपूर्वी याच वायंडरकडे आली होती. तेव्हा कोणती वायर, किती वेढे, कोणतं बुश लागलं हे त्यांनी स्लॉटच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं. तो पुठ्ठा हरवला होता.

पायरी ४: सिस्टीमनं कोणते निर्णय सुधारायचे ते लिहा

‘सगळी माहिती एका क्लिकवर’ हे मागणं सोडून द्या. माहिती निर्णयासाठी असते. म्हणून रोज किंवा दर आठवड्याला घेतले जाणारे चार-पाच निर्णय लिहा आणि प्रत्येकासमोर कोण, कधी, कोणता आकडा पाहून, हे लिहा. आमची यादी: कोणता माल आज मागवायचा (मी, रोज दुपारी, शिल्लक बघून), कोणाला आणखी उधारी द्यायची (आण्णा, त्या क्षणी, येणं आणि किती दिवसांचं ते बघून), कोणत्या वायंडरकडे काम पाठवायचं (काउंटरवरचा माणूस, लगेच, कुणाकडे किती मोटारी पडल्यात ते बघून), कोणता माल काढून टाकायचा (आम्ही दोघं, वर्षातून दोनदा).

ज्या नोंदीतून यातला एकही निर्णय सुधारत नाही, ती नोंद ठेवू नका. लिहिणाऱ्याला ते ओझं होतं, आणि ओझं झालं की तो काहीतरी भरून मोकळा होतो.

पायरी ५: वस्तूंची यादी शुद्ध करा

कंटाळवाणं काम आहे, पण इथेच बहुतेक सिस्टीम मरतात. एकच बेअरिंग आमच्या कॉम्प्युटरवर पाच नावांनी होतं: ‘६२०५’, ‘बेरिंग ६२०५’, ‘६२०५ झेडझेड’, ‘पंप बेअरिंग मोठं’ आणि कंपनीच्या नावानं एक. पाच ठिकाणी थोडी थोडी शिल्लक दिसायची आणि एकही आकडा खरा नसायचा. आणि यात एक खाच आहे. ६२०५ हा नंबर मापाचा आहे: आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. कोणत्याही कंपनीचं असो, माप तेच. पण पुढची अक्षरं बदलली की झाकण बदलतं. झेडझेडला दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असतं, टूआरएसला रबराचं. पाणी लागणाऱ्या जागी पत्र्याचं दिलं तर ते लवकर जातं आणि गिऱ्हाईक आपल्याला नाव ठेवतं. म्हणजे कोणती नावं एकत्र करायची आणि कोणती वेगळी ठेवायची, हे मालाची जाण असलेल्या माणसानंच ठरवायला हवं. हे काम सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या मुलाकडे देऊ नका.

नियम साधे ठेवा. एका वस्तूला एकच कोड. नावाचा क्रम ठरलेला: वस्तू, माप, प्रकार, कंपनी. प्रत्येक नावापुढे रॅकची जागा. एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा नंबर) त्याच वेळी तपासून घ्या, म्हणजे बेअरिंग ८४८२ मध्ये, पंप ८४१३ मध्ये, मोटार ८५०१ मध्ये. पुढे बिलाला अडत नाही. आणि ‘नाही’च्या वहीतले गिऱ्हाइकांचे शब्द त्या वस्तूपुढे टोपणनाव म्हणून टाका. आज आमच्याकडे शोधताना ‘पंख्याची वाटी’ टाइप केलं तरी इम्पेलर येतो. काउंटरवर नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवसापासून यामुळे काम जमलं.

सगळी यादी एकदम हाती घेऊ नका. सगळ्यांत जास्त उलाढालीच्या दोनशे-तीनशे वस्तू आधी, बाकी हळूहळू.

पायरी ६: आता सॉफ्टवेअर

बिल, खातेवही, जीएसटी यासाठी तयार मिळतं तेच घ्या, आणि तुमचा सीए जे वापरतो तेच घ्या. तिथे वेगळेपणा दाखवण्यात काही हशील नाही. वेगळेपणा पायरी १ मधल्या वाक्यापुरता ठेवा, आणि तेवढ्यासाठी सुरुवातीला एक्सेलची किंवा गुगलची एक शीट पुरते.

विकत घेताना सॉफ्टवेअर विकणाऱ्याला हे विचारा. माझा सगळा डेटा मला एक्सेलमध्ये बाहेर काढता येईल का, आणि तो मला आत्ता काढून दाखवा. इंटरनेट गेलं तर बिल निघेल का? बदल कुणी, कधी केला ते दिसतं का? पुढच्या वर्षीचे पैसे भरले नाहीत तर जुनी बिलं वाचता येतील का? पहिल्या प्रश्नावर तो घुटमळला तर तिथून उठा. आम्ही एकदा न उठण्याची चूक केली आणि दोन वर्षांच्या नोंदी हातानं पुन्हा भरल्या.

बॅकअप रोज, दोन ठिकाणी, त्यातली एक जागा दुकानाबाहेरची. आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअप उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

पायरी ७: मागणीचा आकडा हंगामाप्रमाणे

माल कधी मागवायचा याचं गणित सोपं आहे. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडी राखीव. राखीव किती? सगळ्यांत वाईट दिवसाचा खप गुणिले सगळ्यांत उशीर झालेले दिवस, वजा नेहमीचा खप गुणिले नेहमीचे दिवस.

एक उदाहरण मांडतो. मोटारीला लागणारा ५० एमएफडीचा कपॅसिटर हंगामात रोज ३ खपतो, गर्दीच्या दिवशी ५. माल यायला ४ दिवस लागतात, कधी ६. नेहमीची गरज ३ गुणिले ४, म्हणजे १२. वाईटात वाईट गरज ५ गुणिले ६, म्हणजे ३०. राखीव १८. म्हणजे शिल्लक ३० वर आली की मागणी टाकायची.

आता यातला धोका बघा. बहुतेक सॉफ्टवेअर वर्षभराची सरासरी काढतं. पावसाळ्यात हाच कपॅसिटर आठवड्याला दोन-तीन जातो. सरासरी घेतली की रोजचा खप एकाच्या आसपास दिसतो, आणि मशीन तुम्हाला एप्रिलमध्ये उपाशी ठेवतं, ऑगस्टमध्ये माल अंगावर टाकतं. म्हणून दोन आकडे ठेवा, फेब्रुवारी ते मेचा वेगळा आणि बाकीचा वेगळा, आणि तारीख आली की स्वतः बदला. ‘नाही’च्या वहीतली मागणीही खपात मिळवा. खरी मागणी म्हणजे विकलेलं अधिक परत पाठवलेलं.

पायरी १ चं वाक्य इथेही वापरायचं. मोटार बंद पाडणाऱ्या वस्तू, म्हणजे थ्रस्ट, बुश, सील, वायर, यांची राखीव जास्त ठेवा, पैसे अडकले तरी. पाइपची कमी चालेल. जो सगळ्या वस्तूंना एकच नियम लावतो त्याला आपण कशावर जिंकतोय हे ठरवताच आलेलं नाही.

पायरी ८: सिस्टीमचं एक टोक गिऱ्हाइकाच्या हातात द्या

अमेरिकन एअरलाइन्सनं आयबीएमच्या मदतीनं सेबर नावाची आरक्षणाची सिस्टीम १९६० च्या दशकात उभी केली. त्यांचा मोठा डाव पुढे आला: १९७६ पासून त्यांनी तिचे टर्मिनल ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर बसवले. एजंटाचं रोजचं कामच त्या पडद्यावर व्हायला लागलं, मग तो पडदा सोडणं त्याला अवघड झालं. त्या पडद्यावर स्वतःची विमानं वर दाखवली जातात अशी ओरड झाली आणि १९८४ मध्ये अमेरिकन सरकारला त्यावर नियम करावे लागले. अमेरिकन हॉस्पिटल सप्लाय या कंपनीनंही तसंच केलं: मागणी नोंदवण्याची सोय थेट हॉस्पिटलांच्या खरेदी विभागात नेऊन ठेवली.

या दोन्ही गोष्टींतून मी एकच घेतलं. सिस्टीम आपल्या काउंटरपाशी संपवायची नाही. आमच्या बाबतीत काउंटरपलीकडचा महत्त्वाचा माणूस शेतकरी नव्हता, वायंडर होता. कोणता भाग, कुठून आणायचा, हे तोच सांगतो.

आम्ही मोटारकार्ड सुरू केलं. प्रत्येक मोटारीला एक नंबर आणि शीटमध्ये एक ओळ: कंपनी, एचपी, किती स्टेज, बोअर किती इंची, किती फुटांवर सोडली, पाण्याची की तेलाची, वायरचं गेज, वेढे, मागच्या वेळी काय बदललं, कोणत्या तारखेला, का जळली. मोटार बोअरमध्ये असते, म्हणून क्यूआर कोडचं स्टिकर स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून लावतो; बाहेरून लावलं तर उन्हानं सहा महिन्यांत उडतं. शेतकऱ्यानं फोनवर नंबर सांगितला की मोटार वर यायच्या आधीच आम्ही मागच्या वेळी लागलेले भाग एका पिशवीत भरून वायंडरकडे पाठवतो. जे लागलं नाही ते परत येतं. पायरी ३ मधल्या तीन फेऱ्यांची एक झाली.

वायंडर मामा सुरुवातीला वेढ्यांचा आकडा द्यायला तयार नव्हते. बरोबरच होतं त्यांचं, तो आकडा म्हणजे त्यांची विद्या. आम्ही ठरवलं की वायंडिंगचा रकाना ज्यानं भरला त्यालाच दिसेल, दुसऱ्या वायंडरला दिसणार नाही, आणि त्या मोटारीचं पुढचं काम आधी त्याच्याकडेच जाईल. मग आम्ही ज्यांच्याकडे काम पाठवतो ते सहाही वायंडर आले. दुसऱ्याकडून माहिती मागताना त्याला बदल्यात काय मिळतं हे आधी ठरवा. फुकट मागितलेली माहिती अर्धी येते.

शेतकऱ्याचं नाव, फोन, शेताची जागा लिहिताना त्याला विचारून लिहा आणि कशासाठी ते सांगा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेच मागतो. कायदा नसता तरी, गावात कुणाची मोटार किती खोल सोडली आहे ही दुसऱ्याला सांगायची गोष्ट नाही.

पायरी ९: बदल कधी करायचा, आणि कुणाच्या हातून

हर्शे ही अमेरिकेतली चॉकलेटची मोठी कंपनी. १९९९ मध्ये त्यांनी नवी सिस्टीम जुलैमध्ये सुरू केली, ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनच्या ऐन तोंडावर. गोदामात माल होता आणि दुकानांपर्यंत पोचत नव्हता. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर पुऱ्या करता आल्या नाहीत. इतक्या मोठ्या कंपनीचं असं होतं, तर आपण मार्चमध्ये सिस्टीम बदलू नये हे उघड आहे. आमचा महिना जुलै-ऑगस्ट, पाऊस लागून मोटारी बंद असतात तो. तुमचा मंदीचा महिना शोधा आणि तिथून मागे मोजत तयारी करा. चार आठवडे जुनं आणि नवं दोन्ही चालवा, मग जुनं खरंच बंद करा. दोन्ही चालू राहिलं की माणसं जुन्यावरच जातात.

नोंद घटनेच्या जागी आणि घटनेच्या वेळी व्हायला हवी. ‘रात्री बसून भरू’ म्हटलं की तिथेच संपलं. आमच्याकडे वीस वर्षं काम करणारे काका टाइप करायला बिचकत होते. त्यांना आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायला सांगितलं: "क चौदा, सील दोन, मोटार नंबर एकशे बारा." काउंटरवरचा मुलगा ते ऐकून भरतो. थोडा वेळ जास्त जातो, पण मालाची सगळ्यांत जास्त जाण असलेला माणूस सिस्टीमच्या बाहेर राहत नाही. त्यांना बाहेर ठेवून केलेली सिस्टीम मला नको होती.

आणि पहिल्या तीन महिन्यांत चुकीच्या नोंदीवरून कुणालाही बोलू नका. एकदा बोललात की त्यानंतरच्या चुका तुम्हाला दिसणारच नाहीत.

पायरी १०: सोमवारचा कागद

दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी वीस मिनिटं, एक कागद, चार आकडे. गेल्या आठवड्यात किती ‘नाही’ झाल्या आणि कोणत्या कारणानं. फोन आल्यापासून पाणी पडेपर्यंत किती तास लागले, आणि सगळ्यांत उशीर झालेल्या एका कामाची हकीकत. सहा महिने न हललेला माल किती रुपयांचा. साठ दिवसांवरची उधारी किती. यापलीकडे ग्राफ, डॅशबोर्ड काही लागत नाही. कागद भिंतीला लावा, सगळ्यांना दिसेल असा.

उशीर झालेल्या कामाची हकीकत हा त्यातला सगळ्यांत मोलाचा भाग आहे. आकडा घसरला एवढं कळून काही होत नाही. पुढचा बदल त्या एका मोटारीच्या गोष्टीतून सुचतो.

वर्ष झालं की कंपनीच्या प्रतिनिधीला आपले आकडे दाखवा. वॉलमार्ट या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीनं १९९१ पासून रिटेल लिंक नावाच्या सिस्टीममधून पुरवठादारांना आपल्या दुकानांतल्या विक्रीचे आकडे खुले केले, आणि त्यातून दोघांनाही माल योग्य वेळी हलवता आला. आपण लहान आहोत, पण ‘तुमच्या या मॉडेलचं थ्रस्ट आमच्याकडे दीड वर्षात जातं, ही पन्नास मोटारींची नोंद’ असं बोलणारा दुकानदार कंपनीला क्वचित भेटतो. त्या कागदावर आम्हाला उधारीचे दिवस वाढवून मिळाले.

समोरचा व्यापारी हे बघून उद्या स्टिकर छापेल. छापू द्या. त्याच्या पहिल्या कार्डावर आजची तारीख असेल आणि तुमच्या कार्डावर तीन उन्हाळे. म्हणून सॉफ्टवेअर ठरायची वाट न बघता वही आज आणा. या सोमवारी काउंटरवर ठेवा, दोरीनं पेन बांधा, आणि पहिलं ‘नाही’ होईल तेव्हा माणूस पायरी उतरायच्या आत ते लिहून काढा.